जोडीतलं दुसरं नाव: टोनी रोच आणि आमच्या क्लबचे मार्करकाका

पांझराकाठ (धागालेखक)

राम राम मंडळी.

मी मूळचा धुळ्याचा. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते जिथे एकमेकांना कापतात, तिथला. गाव सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "हो हो, थांबलो होतो तिथे, शेवभाजी खाल्ली होती." म्हणजे आमचं गाव थांबण्यापुरतं. त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या टारकट्टाबद्दल वाचलं तेव्हा एकदम घरच्यासारखं वाटलं. सिडनी आणि मेलबर्नच्या साधारण मध्यावर, ह्यूम हायवेवरचं, काही शे वस्तीचं गाव. ट्रकवाल्यांचा ठरलेला थांबा. अपघातात गेलेल्या ट्रकचालकांचं स्मारकसुद्धा आहे तिथे. 2011 मध्ये बायपास झाला आणि गाड्या बाहेरून जायला लागल्या. बायपासचं दुखणं आपल्याला वेगळं सांगायला नको.

या गावातल्या खाटकाचा मुलगा म्हणजे टोनी रोच. जन्म 1945 चा, डावखुरा. आई-वडील हौसेने टेनिस खेळायचे, हा नऊ वर्षांचा असताना शाळेत खेळायला लागला. पुढे जॉन न्यूकमबरोबर जोडी जमली आणि दोघांनी मिळून दुहेरीची 12 ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस या चार मोठ्या स्पर्धा) जिंकली. त्यातली विम्बल्डन पाच: 1965, 68, 69, 70 आणि 74. हा आकडा 2013 च्या ऑस्ट्रेलियन ओपनपर्यंत टिकला, मग अमेरिकेच्या ब्रायन बंधूंनी 13 वं जिंकून तो मागे टाकला. म्हणजे त्यांच्या पहिल्या विजेतेपदापासून धरलं तर जवळजवळ पन्नास वर्षं.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं. खेळ थांबल्यावर हा माणूस प्रशिक्षक झाला आणि कुणाचा? इव्हान लेंडल, पॅट राफ्टर, रॉजर फेडरर, लेटन ह्यूइट. चौघांचीही नावं एकेकटी घेतली जातात. रोचचं नाव मात्र खेळताना 'न्यूकम-रोच' आणि नंतर 'लेंडलचे कोच'. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाला जोडून.

आता आमच्या मार्करकाकांकडे येतो. जिल्ह्याच्या गावी साहेब लोकांचा क्लब असायचा, आणि क्लबला एक मार्कर. कोर्टावर झारीने पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या आणि साहेबांबरोबर खेळायचं. तीन साहेब आले की चौथा मार्कर. काकांची आख्खी नोकरी ही 'चौथा' असण्याची. शेजारच्या साहेबाला आपण बरे खेळतो असं वाटलं पाहिजे, समोरच्या दोघांनाही तसंच वाटलं पाहिजे, आणि डाव पाऊण तास तरी चालला पाहिजे. चहा मात्र त्यांना वेगळ्या कपात.

मला व्हॉली, म्हणजे बॉल टप्पा पडायच्या आत नेटजवळ परतवणं, शिकवली ती काकांनी, साहेब मंडळी यायच्या आत, सकाळी सहाला. कंपाउंडच्या भिंतीला टाचा टेकवून उभं करायचे. टेनिसमध्ये नवशिक्या माणूस व्हॉली मारताना रॅकेट मागे नेतो, जशी काही चापट मारायचीय. भिंतीला टेकून उभं राहिलं की रॅकेट मागे जातच नाही, गेली तर खाड्कन भिंतीवर आपटते. माझ्या लाकडी रॅकेटचा वरचा टवका त्यातच उडाला, वडिलांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. काका म्हणायचे, "मारू नको. आडवा जा. बॉल आपणहून येतो, तू फक्त दार लाव." ते 'दार लाव' आजही कानात आहे.

खूप वर्षांनी कळलं की रोचची बॅकहँड व्हॉली त्या काळच्या उत्तम व्हॉलींमध्ये मोजायचे आणि लेंडलने त्याला बोलावलं ते मुख्यतः नेटवरचा खेळ सुधारायला. मनात आलं, दुहेरी खेळणाऱ्याला शिकवायची सवय आपसूकच लागत असेल का? शेजारच्याचा खांदा आज उतरलाय, हा आज घाबरलाय, याला दोन सोपे पॉइंट मिळवून द्यायला हवेत, हे त्याला सेटभर बघावंच लागतं. एकेरीवाल्याला समोरचा एकटा दिसतो.

तुम्हाला काय वाटतं?

केळीबाग

मस्त लिहिलंय भो. 'दार लाव' भारीच. रावेरला आमच्याकडे टेनिस म्हणजे रबरी बॉलचं क्रिकेट, त्यामुळे वाचक म्हणूनच हजेरी लावतो. एक शंका: मार्करकाका साहेबांना मुद्दाम जिंकू द्यायचे का?

पांझराकाठ

मुद्दाम हरायचे नाहीत हो. मुद्दाम *खेळवायचे*. साहेबाच्या फोरहँडवर, कमरेच्या उंचीला, जरा हळू. तसा बॉल सलग वीस वेळा देऊन बघा म्हणजे कळेल काय कसब लागतं ते.

तिरकी_सर्व्हिस

लेख आवडला, पण एक मोठा आक्षेप. रोचला 'दुहेरीवाला' या कप्प्यात टाकणं अन्याय आहे. 1966 ची फ्रेंच एकेरी त्याने जिंकलीय. अंतिम सामन्यात समोर हंगेरीचा इस्तवान गुयाश होता. रोचचा घोटा दुखावलेला, गुयाशने सामना एक दिवस पुढे ढकलायला होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी रोचने त्याला तीन सेटमध्ये हरवलं. गुयाशच्या या दिलदारपणाला पुढे खेळभावनेचा पुरस्कारही मिळाला. आज कुणी देईल का असा दिवस?

त्याखेरीज तो एकेरीच्या आणखी पाच अंतिम फेऱ्या खेळला आणि पाचही हरला. फ्रेंच 1965 आणि 67, विम्बल्डन 1968, यूएस 1969 आणि 70. त्यातल्या दोन रॉड लेव्हरकडून. 1969 च्या यूएस ओपनला पहिला सेट रोचने 9-7 घेतला होता. पुढचे तीन लेव्हरने घेतले आणि त्याच वर्षी चारही ग्रँड स्लॅम पूर्ण केली. म्हणजे इतिहास घडत होता तेव्हा नेटच्या पलीकडे हा उभा. नशीब म्हणायचं की काय!

त्याच वर्षीची ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य लढत, ब्रिस्बेनच्या उन्हात: 7-5, 22-20, 9-11, 1-6, 6-3. नव्वद गेम. टायब्रेक नव्हता तेव्हा. लेव्हरने डोकं थंड राहावं म्हणून टोपीत कोबीची ओली पानं ठेवली होती. जिंकला अर्थात लेव्हर.

केळीबाग

कोबी!! खिशात कांदा ठेवा म्हणावं. आमची आजी मे महिन्यात कांद्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही.

सातपुड्याची_सून

आमच्या सासूबाई अजूनही देत नाहीत. मी पुण्याची, लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात हसले होते. नंतर जळगावचं 46 डिग्री अनुभवलं आणि गपचूप पर्समध्ये कांदा ठेवायला लागले. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

पांझराकाठ

@तिरकी_सर्व्हिस, आक्षेप मान्य. 'फक्त दुहेरीवाला' असं म्हणायचं नव्हतं, पण लिहिताना तसं झालंय खरं. तरी बघा, पाच अंतिम फेऱ्या हरलेला माणूस उद्या अंतिम फेरीत हरणाऱ्या पोराशी जे बोलू शकेल ते सगळं जिंकलेल्याला कसं सुचणार? लेंडलकडे तो 1985 मध्ये आला. तोवर लेंडल यूएस ओपनच्या लागोपाठ तीन अंतिम फेऱ्या हरला होता आणि लोक त्याला नाजूक वेळी गळपटणारा म्हणत. पुढच्या तिन्ही वर्षी तीच स्पर्धा त्याने जिंकली. लेंडलच्या आठ ग्रँड स्लॅमपैकी 1984 चं फ्रेंच सोडलं तर बाकी सात रोच आल्यानंतरची.

हाडांचा_डॉक्टर

कोपराचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. सत्तरच्या दशकात रोचचं कोपर आणि खांदा दोन्ही बिघडले. कोपरावर शस्त्रक्रिया करूनही फरक पडेना, तेव्हा तो फिलिपिन्सला एका वैदूकडे गेला. हे लोक हातानेच, हत्याराशिवाय 'ऑपरेशन' करतात असा दावा असतो. रोच परत आला आणि खेळायला लागला. 1974 चं विम्बल्डन दुहेरी, 1975 ला विम्बल्डनची एकेरी उपांत्य फेरी (अॅशकडून पाच सेटमध्ये हरला), आणि 1977 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी डेव्हिस कपच्या (देशादेशांतली सांघिक स्पर्धा) अंतिम लढतीत इटलीच्या पनाट्टाला हरवलं. ऑस्ट्रेलियाने कप जिंकला.

माझ्याकडे दर आठवड्याला कुणीतरी भगताकडून, नाहीतर 'हाड बसवणाऱ्या'कडून येतं, म्हणून सांगून ठेवतो: टेनिस एल्बो बऱ्याचदा काही न करता, नुसत्या विश्रांतीनेही वर्षभरात बरा होतो. त्या वर्षात जो शेवटी भेटला त्याला श्रेय मिळतं. यावर भांडण नको.

केळीबाग

डॉक्टर, भांडण नाही पण रोच बरा झाला ना? मग.

हाडांचा_डॉक्टर

बघा. :)

भुसावळ_जंक्शन

डेव्हिस कपचा विषय निघालाच आहे तर रोच-न्यूकमना *आपण* हरवलंय हे कुणालाच आठवू नये? डिसेंबर 1966, मेलबर्न, अंतिम लढत. भारत 4-1 ने हरला, पण तो एक विजय दुहेरीतला. रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकम-रोचना चार सेटमध्ये हरवलं, तेही पहिला सेट गमावून.

आमचे आजोबा रेल्वेत होते. रेल्वे कॉलनीतल्या कोर्टावर गोऱ्या साहेबांच्या काळापासून टेनिस चालायचं, आजोबा तिथलेच. त्यांच्या ट्रंकेत त्या सामन्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण होतं, घडीवर फाटलेलं. रोचचा फोटो नव्हता, कृष्णनचा होता. आजोबांनी शाईने खाली लिहिलं होतं, "जोडीने खेळले." एवढंच. मी लहानपणी विचारायचो, दुहेरी जोडीनेच खेळतात ना, यात काय विशेष? ते हसायचे नुसते.

मोठेपणी लिअँडर पेस-महेश भूपतीचं 1999 बघितलं. चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या, फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकलेलं. आणि मग बोलणंच बंद. तेव्हा आजोबांचं वाक्य जरा कळलं.

तिरकी_सर्व्हिस

@भुसावळ_जंक्शन, वा! कात्रण असेल तर जपून ठेवा.

जोडीवरून एक तांत्रिक गंमत. उजवा-डावा जोडीचा फायदा फक्त कोन बदलण्याचा नसतो, उन्हाचाही असतो. दुहेरीत सर्व्हिसचा क्रम सेटभर ठरलेला आणि बाजू दर विषम गेमनंतर बदलतात. कागदावर मांडून बघा, एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडूला सर्व्हिस नेहमी एकाच बाजूने करायला येते. सर्व्हिससाठी बॉल वर उडवताना सूर्य ज्या बाजूला उजव्याच्या डोळ्यांत येतो तिथे डावखुऱ्याला बरेचदा त्याचा त्रास होत नाही. म्हणून ज्याला जी बाजू सोसते ती त्याला द्यायची. आपल्याकडे चार वाजताच्या उन्हात खेळलेल्याला हे ताबडतोब पटेल.

पांझराकाठ

अहो, हे मार्करकाका बोटांवर मोजून सांगायचे! "साहेब, तुम्ही पिंपळाकडनं टाका, मी ऑफिसकडनं टाकतो." मला वाटायचं मान देतायत. ऊन स्वतःकडे घेत होते.

सातपुड्याची_सून

थोडं वेगळं लिहिते. माझी मुलगी तेरा वर्षांची, तीन वर्षं टेनिस खेळतेय. मागच्या उन्हाळ्यात एका मोठ्या शहरातल्या शिबिराला नेलं (नाव घेत नाही). फी भरपूर. तिथल्या सरांनी चौथ्या दिवशी सगळ्या पालकांसमोर सांगितलं, "हिचा नेटवरचा हात चांगला आहे, पण पाय हळू. हिला दुहेरीत टाका." आवाज असा, जणू नापास मुलांच्या तुकडीत टाकतायत. परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही. नंतर म्हणाली, "आई, डबल्स म्हणजे उरलेल्यांचं का?"

हा धागा तिला वाचून दाखवला. तिने विचारलंय: रोचने शिकवलेल्यांपैकी कुणी दुहेरी खेळलं का?

पांझराकाठ

तिला सांगा, राफ्टर खेळला. 1997 आणि 98 ची यूएस ओपन एकेरी आणि 1999 ची ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी, योनास ब्योर्कमनबरोबर. सर्व्हिस टाकून नेटकडे धावणारा, अगदी रोचच्या वळणाचा. आणि आपला रोहन बोपण्णा 2024 मध्ये, 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी जिंकून जगात पहिल्या क्रमांकावर गेला. तो तर 'उरलेला' नक्कीच नाही.

आणि त्या सरांना काही सांगू नका. त्यांचा उपयोग नाही.

गिरणामाई

भाऊ, भलतं झकास लिखं शे. आम्हना गावमा टेनिस नही, पन जोडी म्हंजे काय ते माले इचारा. एक बैल दांडगा ऱ्हास, दुसरा समजदार ऱ्हास. लोके दांडगाले हार घालतस. नांगर सरळ चालस तो दुसरामुये.

पांझराकाठ

गिरणामाई, एवढा मोठा लेख मी उगाच लिहिला.

नेटवरची_माशी

मी जरा थंड पाणी ओततो. मुद्दा 'दुहेरीवाला चांगला प्रशिक्षक होतो' असा असेल तर लेंडलच्या विम्बल्डनचं काय? तेवढ्यासाठीच तर रोचला ठेवला होता. 1986 ला अंतिम फेरीत बेकरकडून हरला, 1987 ला पॅट कॅशकडून. तो कॅश तर जिंकल्यावर प्रेक्षकांतून चढत आपल्या माणसांपाशी गेला होता. 1990 मध्ये लेंडलने फ्रेंच ओपन सोडून दिली, फक्त गवतावर सराव केला, लंडनच्या क्वीन्स स्पर्धेत मॅकेन्रो आणि बेकर दोघांना हरवलं. आणि विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत एडबर्गने तीन सेटमध्ये घरी पाठवलं. पाच विम्बल्डन जिंकलेल्या गुरूला शिष्याला एक जिंकून देता आलं नाही. राफ्टरही 2000 आणि 2001 ला अंतिम फेरीत हरला.

फेडररचं म्हणाल तर तो 2004 मध्ये प्रशिक्षकाशिवाय तीन ग्रँड स्लॅम जिंकला होता. त्याला रोच काय शिकवणार?

तिरकी_सर्व्हिस

फेडररला रोच हवा होता तो फ्रेंचसाठी, ती मातीच्या कोर्टावर होते. रोच डावखुरा, मातीवर जिंकलेला. पुढे नडाल दिसत होता ना, तोही डावखुरा आणि मातीवरचा. 2005 च्या सुरुवातीपासून मे 2007 पर्यंत दोघे बरोबर होते. लेखी करार नाही, नुसता हातात हात, आणि रोच वर्षातले काही आठवडेच यायचा. त्या काळात फेडररची सहा ग्रँड स्लॅम, पण फ्रेंच नाहीच. रोमला वोलांद्रीकडून हरल्यावर दोघे वेगळे झाले आणि पुढच्याच आठवड्यात हॅम्बुर्गला फेडररने नडालची मातीवरची 81 विजयांची मालिका मोडली. म्हणजे माशीच्या बाजूने आणखी एक पुरावा, माझ्याच हातून. :)

उलट बाजूने एक नाव: पॉल अॅनाकोन. 1985 ची ऑस्ट्रेलियन ओपन दुहेरी, दक्षिण आफ्रिकेच्या ख्रिस्तो वान रेन्सबर्गबरोबर. एकेरीत ग्रँड स्लॅम नाही. पीट सॅम्प्रासचे प्रशिक्षक टिम गलिक्सन 1995 मध्ये मेंदूच्या गाठीने आजारी पडले तेव्हा याने ते काम उचललं. गलिक्सन 1996 मध्ये वारले. दुसऱ्याच्या रिकाम्या खुर्चीत बसायचं, ज्याची खुर्ची आहे त्याच्यासाठी सॅम्प्रास कोर्टावर रडतोय, आणि तरी नीट काम करायचं. नंतर 2010 ते 13 फेडररकडेही होता, 2012 चं विम्बल्डन त्याच काळातलं.

पांझराकाठ

माशीभाऊ, लेंडलच्या विम्बल्डनला माझ्याकडे उत्तर नाही. 1987 चा तो सामना आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितला होता, मार्करकाका दाराशी चपला काढून बसले होते. लेंडलने एक व्हॉली जाळ्यात मारली की काका उजवा हात हवेत पुढे करायचे, जणू त्याच्या हातातली रॅकेट पुढे ढकलतायत. सामना संपल्यावर म्हणाले, "शिकलाय पोरगा. पण मोठेपणी शिकलाय. घाईत जुनंच आठवतं." लेंडल तेव्हा सत्तावीसचा होता.

एक मात्र नोंदवतो. ज्याला विम्बल्डन मिळालं नाही तो लेंडल पुढे अँडी मरेचा प्रशिक्षक झाला आणि मरेने 2013 आणि 2016 ला विम्बल्डन जिंकलं. रोचकडून लेंडलकडे काय गेलं आणि तिथून मरेकडे किती पोचलं, हे काही मोजता येत नाही. पण मला ते बघताना काकांचा हवेतला हात आठवला.

नेटवरची_माशी

हे भावनिक ब्लॅकमेल आहे. +१.

सातपुड्याची_सून

लेक म्हणतेय भिंतीची युक्ती आज करून बघितली. गच्चीच्या कठड्याला टेकून. रॅकेटला दोन ओरखडे. पण म्हणाली, "कळलं." धुळ्याचं ते कोर्ट अजून आहे का? मामाकडे येणार आहोत सुट्टीत.

पांझराकाठ

आहे म्हणजे, अर्ध्यात गाड्या लागतात. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही चार जुने जण जातो रविवारी. बऱ्याचदा तिघेच असतो, चौथा मिळत नाही. तिला घेऊन या. सकाळी सहा म्हणजे सहा, साडेआठला ऊन सोसत नाही. बॉल माझ्याकडे आहेत, थोडे टक्कल पडलेले. तिला ऑफिसच्या बाजूने सर्व्हिस करायला लावणार नाही.

केळीबाग

मी पण येतो भो बघायला. केळी आणतो.

पांझराकाठ

या. कांदा ज्याचा त्याने आणायचा.